राणीची जागा

कॉन्स्टॅन्टिनोपलच्या गादीचा खरा वारस बदलापुरात, हेंद्रेपाड्याला राहतो आणि तो माझा सख्खा मामा आहे. गादी गेली, तिथल्या बायझंटाइन बादशाहीचं चांदीचं एक नाणं तेवढं राहिलं. त्यावर सिंहासनावर दाढीवाला बादशहा, शेजारी त्याचा लेक, दोघांच्या मधे छोटासा क्रूस. पाहुण्याची चप्पल निघायच्या आत नाणं समोर येतं. "कडेला धर, कडेला! बादशहाच्या तोंडाला बोट लावायचं नाय!" एकदा गॅसवाल्यालाही त्यानं दारात धरून बापलेकांची ओळख करून दिली. तो बिचारा सिलिंडर टेकवून म्हणाला, "काका, दोघांतल्या कुणाची सही घेऊ तेवढं सांगा."

या बादशहाला फक्त मामी भीक घालत नसे. लढाईपायी त्यानं चर्चची चांदीची भांडी वितळवून ही नाणी पाडली, हे मामानं कौतुकानं सांगितलं मात्र, ती कडाडली, "मेल्यानं देवाची भांडी वितळवली? मग देवाची चांदी देवापुढेच बसेल!" झालं! दर लक्ष्मीपूजनाला बादशहा पाटावर. मामा ओरडायचा, "अगं, नाणं खराब होतं!" ती शांतपणे ओलं कुंकू नेमकं बापलेकांच्या मधे टेकवायची. "बाप बसला, लेक बसला. राणीनं काय उभंच राहायचं? ही तिची जागा." पूजा आटोपली की मामा कापसानं राणीला गादीवरून उतरवायचा. पुढच्या दिवाळीला ती परत हजर.

आपलं नाणं प्रदर्शनात काचेच्या पेटीत बसावं, खाली आपलं नाव असावं, ही मामाची जन्माची हौस. यंदा उन्हाळ्यात उल्हासनगरच्या प्रदर्शनात तो योग आला. नवा शर्ट घालून गेला. मीही सोबत होते. नावाची पाटीसुद्धा तयार होती. तिथल्या सिंधी शेठनं भिंग लावलं. "साईं, पीस तो एकदम बढ़िया है. बस ये लाल दाग निकाल दो, फिर काच में लगाते हैं." कापूसही त्यानंच पुढे केला.

मामानं कापूस घेतला आणि नुसताच धरून बसला. गेल्या दिवाळीचं ते कुंकू पुसायचं राहून गेलं होतं. पूजा आटोपते न आटोपते तोच मामीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती काही परत आली नाही.

"दाग नाय तो, शेठ," मामा म्हणाला, "घरचं माणूस हाय." नाणं रुमालात गुंडाळून आम्ही निघालो. त्याच्या नावाची पाटी रिकाम्या पेटीत तशीच राहिली.

परवा लक्ष्मीपूजनाला त्यानं स्वतःच नाणं पाटावर मांडलं. हळद वाहिली, फूल वाहिलं. मी कुंकवाचा करंडा पुढे केला तर त्यानं हातानंच थांबवलं.

"नको," म्हणाला. "बसलीय ती."