न बोलणारं स्टेशन

“त्या नव्या रेडिओवाल्यानं काल गाणं अर्ध्यातूनच तोडलं, बाप्पा. त्याच्याकडची बी लाइट गेली असन.”

शेजारच्या काकू खाली अंगणात सुनेला सांगत होत्या. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. हातातला टॉवेल हातातच राहिला. आदल्या दिवशी पाचच्या सुमारास ऑफिसचा कॉल आला म्हणून लॅपटॉपवरचं गाणं मीच मध्ये थांबवलं होतं. आमच्या पुढच्या खोलीतल्या डेकवर ते थांबलं, हे मला ठाऊक होतं. भिंतीपलीकडे काकूंच्या रेडिओवरही थांबलं, हे मला तेव्हा कळलं.

“कोणतं नवं स्टेशन निघालं आता?” सुनेनं विचारलं.

“काटा पार डावीकडं नेला की लागते. जाहिराती नाई, बातम्या नाई, नुसते गाणे. मी त रोज त्याच्यावरच भाजीच्या जुड्या बांधतो.”

मी कपड्यांचा गोळा करून खोलीत आले आणि उगाचच कडी लावली.

त्याचं असं झालं होतं. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर मी पुण्याहून मलकापूरला परतले आणि वरच्या स्लॅबच्या खोलीत टेबल मांडलं. खाली पुढच्या खोलीत बाबांचा डेक होता, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे स्पीकर. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात डेकचा कॅसेट फिरवणारा पट्टा गेला. रेडिओ तेवढा चालू राहिला. बाबांच्या कॅसेटमधली गाणी, जयंतीची, कव्वाल्या, जुन्या सिनेमांची, मी एकेक करून लॅपटॉपवर जमवली. पण ती डेकवर आणायची कशी? वायर टाकली तर जिन्यावरून लोंबणार. लॅपटॉप खाली नेला तर मागोमाग मला खाली बसावं लागणार, आणि संध्याकाळी तिथे बाबांचे मित्र असत. त्यांचे प्रश्न असत. मला खाली बसायचं नव्हतं. म्हणून मी बिनवायरचे उपाय शोधू लागले.

पहिला उपाय ब्लूटूथची डबी. ती डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांत लागली, वाजलीही, पण मध्ये स्लॅब. आई पाण्याची बादली घेऊन जिन्यात उभी राहिली तरी गायकाचा श्वास तुटायचा. दुसरा उपाय वायफायवर चालणारी डबी. आवाज इतका स्वच्छ की बाबा दोन दिवस खूश होते. मग लाइट गेली, आली, आणि डबी घरचं वायफाय विसरली. दर लाइट जाण्यानंतर मी खाली येऊन तिला सगळं पुन्हा शिकवायचे, आणि बाबांचे मित्र माझ्याकडे पाहत बसायचे. ती मी काढून ठेवली.

तिसरी वस्तू गाडीत लावतात तसली, अंगठ्याएवढी. लॅपटॉपची पिन तिच्यात घातली की ती ते गाणं एफएमवर सोडते. डेकचा रेडिओ मोकळ्या जागेवर लावून ठेवायचा, बस. आमच्याकडे एफएमवर मोकळी जागाच जास्त. खालचा डेक नीट पकडावा म्हणून मी ती डबी कोपऱ्यातल्या कोनाड्यात ठेवली. त्या कोनाड्याची भिंत काकूंची आणि आमची एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गच्चीवरून काकूंचं बोलणं ऐकलं त्या दिवसापासून मला चैन पडेना. हे कायद्यात बसतं का, ते शोधलं. एका ठिकाणी बसतं म्हटलं होतं, दुसरीकडे नाही. डबी काढून ठेवली. साडेचारला काकूंच्या अंगणातून रेडिओची नुसती खरखर यायला लागली, आणि काटा इकडून तिकडे फिरवल्याचे आवाज. दहा मिनिटं मी खोलीत फेऱ्या मारल्या आणि डबी परत लावली. पुढचं गाणं निवडताना मात्र हात अडखळला. आता ते दोन घरांत वाजणार होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसचा मेल आला: सोमवारपासून सगळ्यांनी पुण्याला हजर व्हायचं. लॅपटॉप कंपनीचा. म्हणजे रविवारच्या गाडीनं मी जाणार, आणि स्टेशनही.

गुरुवारी काकू मेथीची जुडी घेऊन आमच्याकडे आल्या. खालून हाक आली, “खाली ये व बाई! तुह्याशीच काम हाय.”

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. बाबा खुर्चीत होते. डेकवर गाणं चालू होतं.

“तुमच्याकडं बी तेच लागते नं भाऊ?” काकूंनी डेककडे हात केला. “मले भिंतीतून ऐकू येते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको, नको म्हटलं.

“हो,” बाबा म्हणाले. “स्टेशन चांगलं हाय. गाणे निवडून लावते. फक्त बोलत नाई.”

“तेच त! तोंडात काय मिठाचा खडा धरला का त्यानं? गाणं कोणाचं, फर्माईश कोणाची, कायी सांगत नाई.”

“लाजत असन,” बाबा म्हणाले आणि पेपर वर धरला. पेपर हलत होता.

काकूंचं काम असं होतं: त्यांना त्या स्टेशनला फर्माईश पाठवायची होती. मला कंप्युटर येतो, तर मी त्यांच्या वतीनं लिहून द्यावं. माहेरी, वडनेर भोलजीला, त्या लहान असताना रेडिओवर फर्माईशींचा कार्यक्रम लागायचा. गावाची नावं घ्यायचे, माणसांची नावं घ्यायचे. काकूंनीही एकाच गाण्यासाठी कार्डं लिहिली, एकामागून एक, आणि भावाजवळ पोस्टात टाकायला दिली. दर आठवड्याला रेडिओला कान लावून बसायच्या. नाव कधी आलंच नाही.

“मंग?” बाबांनी पेपर खाली घेतला.

“मंग काय? लग्नाच्या वक्ती भावाची पेटी उघडली त सगळे कार्ड त्याच्यात. पोरीचं नाव रेडिओवर आलं त गाव काय म्हणीन, म्हणे.” काकू हसल्या. मग पदरानं मेथीची माती पुसत बसल्या, जी केव्हाच निघाली होती.

“नाव काय लिहू?” मी विचारलं. काकूंशी मी बोललेलं ते बहुधा पहिलं पूर्ण वाक्य.

“नाव नको व. सून वर्षभर चिडवीन. वडनेर भोलजीची एक पोरगी, एवढंच म्हणा म्हणावं. पण म्हणा म्हणावं. नुसतं गाणं लावू नका.”

काकूंनी सांगितलेलं गाणं सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सुरुवातीला लांबलचक बासरी, मग विहिरीवरच्या बायकांचे आवाज. अडचण उरली बोलण्याची.

मी बोलत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी घरी ठेवून यायची. पुण्यात पहिल्याच आठवड्यात चहाच्या मशीनपाशी मी ‘का’ऐवजी “काऊन” म्हणाले आणि चौघांनी ते दिवसभर आपसांत म्हणून पाहिलं, प्रेमानंच, पण पाहिलं. तेव्हापासून मी वाक्य आधी मनात तपासते आणि बहुतेक वेळा तिथेच ठेवते.

म्हणून पुन्हा उपाय शोधणं आलं. कंप्युटरला मराठी वाचून दाखवता येतं, तर त्याला ते वाक्य दिलं. वडनेर भोलजी त्यानं असं घाईत म्हटलं, जणू गाडी तिथे थांबतच नाही. बाबांना विचारलं.

“मी? माहा आवाज त गल्लीतले कुत्रे बी ओळखतात.” मग हळूच म्हणाले, “तुहा कोणी ऐकलाच नाई, बेटा.”

शुक्रवारी दार लावून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. ऐकला. पुसला. पुन्हा केला. कागदावर वाक्य लिहून काढलं: ‘पुढील गीताची फर्माईश केली आहे वडनेर भोलजी येथील एका मुलीने.’ तेही खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘येथील’ काढलं, परत घातलं. संध्याकाळी गाणी वाजली, फर्माईश नाही. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “आज बी नाई लावलं.” सून म्हणाली, “अवो आई, पोचलं तरी असन का? त्या पोरीनं पाठवलंच नसन.”

मी उठले, पाणी प्याले, बॅग भरली आणि तिच्यातून स्वेटर तीनदा बाहेर काढला.

शनिवारी साडेचारला काकू अंगणात बसल्या. गच्चीवरून पाहिलं: समोर सांबाराचा ढीग, पुण्यात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, दातात सुतळी, मांडीशी रेडिओ. मी खोलीत आले. यूएसबीच्या हेडफोनचा माइक लॅपटॉपला लावला. माइकमधला आवाज सरळ बाहेर सोडायची एक खूण असते, ती केली. खालच्या डेकवर माझ्या श्वासाचा आवाज आला. बाबांनी डेकचा आवाज वाढवला.

ब्लूटूथची डबी आवाज थोडा उशिरा पोचवायची. हिच्यात उशीर अजिबात नव्हता. मी बोलले की माझा आवाज काकूंना रेडिओतून आणि भिंतीतून एकाच क्षणी ऐकू जाणार होता. नंतर, तो मी नव्हेच, असं म्हणायला जागा नव्हती. चालू गाणं संपलं. पलीकडे जुड्यांची सळसळ थांबली. कागद माझ्यासमोर होता, ‘येथील’ खोडलेला की ठेवलेला ते वाचता येईना. मी तो उलटा ठेवला.

“ऐका,” मी म्हणाले. “आता जे गाणं लागन, ते हाय वडनेर भोलजीच्या एका पोरीसाठी. कार्ड तिनं लय आधी लिहिलं होतं. आम्हाले आत्ता भेटलं.”