एकही तक्रार नसलेली लिफ्ट

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट सारखी बंद पडते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. फक्त सोसायटीला माहीत नाही.

झालं असं, की लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट नव्याने देताना आमच्या चेअरमनांनी डोकं लढवलं. ते मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. साधी गोष्ट त्यांना सोसवत नाही. ज्या महिन्यात सोसायटीच्या ॲपवर लिफ्टची एकही तक्रार येणार नाही, त्या महिन्यात कंत्राटदाराला वर बोनस. म्हणजे तो काम चोख ठेवील. ऐकायला झकास होतं. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

कंत्राटदार हुशार निघाला. बोनसमधला थोडा वाटा त्याने मेकॅनिकला देऊ केला. हा मेकॅनिक उरणकडच्या गावातला, स्वभावाने अगदी गोड. पहिल्यांदा लिफ्ट अडकली तेव्हा तो धावत आला, चालू केली आणि आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, ॲपवर तक्रार टाकू नका. आमचं वरचं जातं. तुमी नुसता फोन करा, मी हाय ना."

बायको विरघळली. मी मोबाइल हातात घेतला की म्हणायची, "कशाला गरिबाच्या पोटावर पाय देता?" सगळ्या मजल्यांवर हेच. थंडीत त्याने घरोघरी शेतातल्या वालाच्या शेंगा वाटल्या, मग तर विषयच संपला.

लिफ्ट मात्र जुनी. डागडुजीवर किती चालणार? एकदा बायको एकटीच आत अडकली. दिवा गेला, पंखा बंद. बराच वेळ दार बडवत होती. मग कुठे बाहेर काढली. तेव्हापासून ती त्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. आम्ही सहाव्या मजल्यावर आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे जिनाही नाही. नवी लिफ्ट आली तरच खाली उतरेन, म्हणते. एवढं होऊनही तिने मला तक्रार टाकू दिली नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. अजून येतो.

वार्षिक सभेत मी नव्या लिफ्टचा विषय काढला. चेअरमनांनी मोबाइल उंच धरला. "वर्षभरात एक तक्रार नाही. चांगल्या लिफ्टवर लाखो रुपये कशाला घालायचे?"

मी बायकोचं सांगितलं.

"मग तेव्हा तक्रार का नाही केलीत?"

सगळे माना खाली घालून चहा पीत होते. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आदल्याच आठवड्यात अडकले होते, तेही. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायची कोणी? मेकॅनिक मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग उत्तम सेवेबद्दल कंत्राटदाराला शाल-श्रीफळ दिलं, कंत्राट आणखी तीन वर्षं वाढवलं आणि नव्या लिफ्टचा विषय तोवर बाजूला ठेवला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, "त्या मेकॅनिकचं काम राहिलं ना?"

"राहिलं."

"बरं झालं." ती खिडकीतून खाली बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आता मी खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरूनच."

असं अभद्र बोललेलं मला खपत नाही. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी खुर्ची ओढून तिच्याशेजारी खिडकीशी बसलो.