न बोललेलं गाऱ्हाणं

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. मी गोरेगावातल्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवत होते, आता रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तरी तो मागे वळून "काय?" विचारायचा. गळ्यातून नुसती फुसफुस यायची. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, आवाज येईल किंवा नाही येणार. त्या 'किंवा'ने माझी झोप उडाली. देवावर तर मी रुसूनच बसले होते.

कापणीच्या दिवसांत नवरा म्हणाला, "चल ना गं गावी. देवाला नको बोलूस, झाडं तरी बघ." त्याचं गाव सिंधुदुर्गात. मी गेले ती केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून.

ग्रामदेवतेचं देऊळ देवराईत आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना ऊन मागेच राहिलं. चार माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांवर चढलेल्या वेली, कुठेतरी खाली वाहणारं पाणी. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, तर पंखांचा घरघराट छातीत जाणवला. ही झाडं कितीजणांची दुःखं ऐकत उभी असतील, या विचाराने अंगावर काटा आला. माझा रुसवा तिथे फार लहान वाटला.

नारळ गाडीतच राहिला म्हणून नवरा परत वर गेला. देवळात गाऱ्हाणी चालली होती. म्हणजे लोक आपलं दुःख सांगतात आणि गावचे म्हातारे मानकरी ते सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडतात. त्यांनी मला विचारलं, "बोला बाये, काय सांगूचा देवाक?"

मी तोंड उघडलं. आवाज नाही. पर्समधल्या कागदावर दोन ओळी लिहून पुढे केल्या, तर त्यांचा चष्मा घरी. सगळे माझ्याकडे बघत होते. डोळे भरून आले, हात आपोआप गळ्यावरच्या व्रणाकडे गेला.

तेव्हा कोपऱ्यातली एक बाई पुढे आली. साडीला भाताचा पेंढा चिकटलेला, बहुधा शेतातूनच आली असावी. तिने माझा हात धरला. "काका, तिका बोलूक येना नाय. देवाक इतक्याच सांगा, हिच्या मनात जा आसा, ता तुका ठावक आसा. तूच आयक."

मानकऱ्यांनी डोळे मिटले आणि तेवढंच देवापुढे मांडलं. सगळ्यांनी एका आवाजात साथ दिली, "व्हय म्हाराजा!" माझे ओठही हलले. आणि 'व्हय' हा शब्द, फाटका, घोगरा, मला माझ्या कानांनी ऐकू आला.

त्या बाईने हात दाबला. कापणी खोळंबली होती, ती लगबगीने निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टर म्हणतात, नस हळूहळू सुधारतच होती. असेल. मी वाद घालत नाही. अजूनही आवाज अर्धाच आहे. पण पुन्हा शिकवायला लागले आहे, वर्गात मुलं पुढे सरकून ऐकतात. पण त्या दिवशी, शब्द हाताशी नसताना, माझं सगळं कुणीतरी ऐकून घेतलं. तेव्हापासून हात जोडते तेव्हा काही मागत नाही. नुसती उभी राहते, आणि तेवढं पुरतं.