मावशींचा रकाना

गयामावशी रोग्याची नाडी कधी पाहत नसत. मुद्दाम पांचट चहा त्याच्यापुढे ठेवायच्या आणि तो काय म्हणतो ते ऐकायच्या.

“भांडला त वाचते,” एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. शेलूबाजारकडच्या एका लहान दवाखान्यात त्या आया होत्या आणि सत्तरच्या दशकात मी तिथला नवा डॉक्टर. बाकी सगळे मला साहेब म्हणत; मावशी नुसतं ‘डाक्टर’ म्हणत, तेही रागावून. नागपुरात असताना मी एका परदेशी मासिकातला तक्ता उतरवून घेतला होता. नाडी, श्वास, रक्तदाब, वय, वजन यांना गुण द्यायचे. बेरीज बाराच्या वर गेली, तर अत्यवस्थ रोगी वाचणं कठीण. तो तक्ता आमच्या माणसांना कितपत लागू पडतो, हे मला तपासायचं होतं.

वयापाशीच गाडी अडली. ‘पटकीच्या साली मी चालत होतो’ यापलीकडे कोणी सांगेना. वजनाचं तर विचारू नका. ज्यांच्यासाठी तक्ता केला होता, त्यांच्या एकात आमचे दोन मजूर बसले असते. खात्री करावी म्हणून मावशींनाच काट्यावर उभं केलं आणि बेरीज मांडली. हातात झाडू धरून ताठ उभ्या असलेल्या मावशी तक्त्याप्रमाणे अत्यवस्थ निघाल्या.

“मी मेली त संडास कोन धुईन? तुमचा कागद?”

पुढे केनवडचे एक आजोबा न्यूमोनियाने आले. बेरीज सतरा. मी त्यांच्या मुलाला म्हणालो, घरी न्या. जीप आली, तर मावशी दारात आडव्या.

“बुढा सुनेले शिव्या देऊन राह्यला, डाक्टर. म्हनते, हा चा हाय का भांड्याचं धुवन. कायले नेता त्याले?”

मी चिडलो, पण जीप रिकामी परत गेली. आठव्या दिवशी आजोबा पुढच्या सीटसाठी ड्रायव्हरशी भांडत घरी गेले.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने झाले, एक तक्त्याचा, एक मावशींचा. वर्षभर दोन्ही इमानाने भरले. तक्त्याने मारलेली कितीतरी माणसं पायी घरी गेली. मावशी क्वचितच चुकल्या.

नागपूरला डॉक्टरांच्या सभेत मी ती वही वाचून दाखवली. मावशींचा रकाना मात्र ‘माझे निरीक्षण’ म्हणून वाचला. टाळ्या पडल्या. आज या वयात लिहून ठेवतो, तो रकाना माझा नव्हता.

परतलो तेव्हा मावशी फाटकातच उभ्या होत्या. “माह्यं नाव सांगतलं काय?”

“सांगितलं.”

त्यांनी वॉर्डभर गूळ वाटला. मलाही दिला. मी खाल्ला.

दोन वर्षांनी त्याच वॉर्डात मावशी स्वतः खाटेवर होत्या. मी तक्ता काढला नाही. माझ्या हाताने पांचट चहा करून नेला. त्यांनी तो निमूट घेतला. मग मी सगळं कबूल केलं, नाव घेतलं नव्हतं, खोटं बोललो होतो. आणि एका तरी शिवीची वाट पाहत बसून राहिलो.

“असू द्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “चा चांगला झाला.”

मी उठलो आणि त्यांच्या मुलीला बोलावणं पाठवलं.