छिंगछिंग उंच झाली त्याची गोष्ट

माझी भाची थोंग शुएछिंग, घरातली छिंगछिंग, पहिल्यांदा स्केट्स घालून बर्फावर आली तेव्हा तिच्या बुटांत माझे लोकरी मोजे कोंबलेले होते. बूट शेजाऱ्यांच्या मुलाचे, ढगळ. दर हिवाळ्यासारखं शाळेच्या मैदानावर पाणी सोडून बर्फ केला होता. पोरगी जरा घसरली आणि बदकन बसली. मी धावले, तर तिनं माझा हात झटकला.

"आत्या, तू मध्ये येऊ नकोस. माझं नि बर्फाचं बोलणं चाललंय."

पाच वर्षांची चिमुरडी! मी घरी येऊन भावाला म्हटलं, "बाव, तुझी पोरगी वेडी आहे."

"ताई, तुझ्यावर गेलीय," तो म्हणाला.

माझा भाऊ बाव ईशान्य चीनमधल्या आमच्या च्यामूसमध्ये, नदीकाठच्या हमामखान्यात अंग घासायचं काम करतो. गरम पाण्यात भिजून आलेल्या माणसाला पालथं घालतो आणि खरखरीत कापडानं असा रगडतो, की तो बीटासारखा लाल होऊन उठतो आणि वर आभार मानतो. मी दारातल्या खिडकीशी बसून किल्ल्या नि सपाता देते. भावजय मागं स्वयंपाकघरात आंबवलेल्या कोबीच्या करंज्या उकळते. त्यामुळे छिंगछिंगचं बालपण वाफेत गेलं. शाळेतून आली की दप्तर माझ्या खिडकीत टाकायची आणि ओल्या फरशीवर सपाता घालून गिरक्या घेत सुटायची. गिऱ्हाइकं तिला शिव्या देत आणि खाऊही देत.

तिथंच लुआन बाईंनी तिला पाहिलं. लुआन बाईंचं माहेर आमच्या गावचं. एके काळी त्या स्वतः जोडीनं स्केटिंगच्या स्पर्धा खेळायच्या, पुढे गुडघा गेला आणि त्या हार्बिनला मुलांना स्केटिंग शिकवायला लागल्या. सुट्टीत गावी आल्या की आमच्याकडे गुडघा शेकायला यायच्या. त्या दिवशी टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या, समोरून ही गरगरत गेली.

"ही पोर कोणाची?"

"माझी," बाव दारातून म्हणाला.

"पडेल ना!"

"पडते की. रोज पडते. मग उठते."

लुआन बाई जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला द्या."

"काय, टॉवेल?"

"पोरगी."

भावजय झारा घेऊनच बाहेर आली. पण बाई हटल्या नाहीत. दोन सुट्ट्या त्या येत राहिल्या, करंज्या खात राहिल्या आणि मागत राहिल्या. शेवटी छिंगछिंगनंच आपली पिशवी भरली. "आई, मी जाते. तू मला इथं गरम ठेवतेस, पण मला थंडी आवडते." या वाक्यावर भावजय रडली आणि हसली, दोन्ही एकदमच.

स्पर्धा सगळ्या हिवाळ्यात, आणि हमामखान्यात गर्दीही हिवाळ्यातच. आईबापांना निघता यायचं नाही, म्हणून पोरीबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. गाड्यांमधून, थंड स्टेडियमांमधून मी तिचं जाकीट सांभाळत फिरले. तेव्हा ती लहानखुरी होती, चेंडूसारखी. हवेत तीन गिरक्या घ्यायची आणि मांजरीसारखी पायावर यायची. तेराव्या वर्षी देशातल्या ज्युनियर स्पर्धेत दुसरी आली. पदक मिळालं त्या दिवशी मी सूर्यफुलाच्या बिया दातांनी इतक्या सोलल्या की जीभ सोलवटली.

आणि मग ती वाढायला लागली.

आमच्या घराण्यात कोणी उंच नाही. बाव तर स्टुलावर उभा राहून अंग घासतो. पण ही पोर ज्वारीच्या ताटासारखी सुटली. दर भेटीत पँट आखूड. हमामखान्यातले जुने गिऱ्हाईक शाओ आजोबा मला म्हणायचे, "अगं, तिला पाण्यात जास्त वेळ भिजवलीत का?" हसायला ठीक होतं, पण तिकडे बर्फावर सगळं फिसकटलं. जी उडी झोपेत यायची ती आता अर्ध्यात सुटायला लागली. लांब पाय कुठं, हात कुठं, काही ताळमेळ नाही. दोन हिवाळे ती पडत राहिली. स्पर्धा संपली की संडासात जाऊन रडायची, आणि मी दाराबाहेर आमचा हिवाळ्यातला खाऊ, गोठवलेलं नाशपातीचं फळ, घेऊन उभी.

"छिंगछिंग, वितळतंय गं हे."

"तू खा."

"मी खाल्लं एक. आता हेही खाऊ? पोट बिघडलं तर संडासात तर तू बसलीयस!"

आतून नाक ओढल्याचा आवाज यायचा, मग थोडं हसू. पण ते हसू बर्फावर काही येईना. शेवटी तिला संघातून काढलं. लुआन बाईंनी स्वतःच सांगितलं, आडपडदा न ठेवता. "यात तुझी चूक काही नाही. तुझी हाडं तुला न विचारता निघाली."

ती घरी आली. माझ्या शेजारी खिडकीत बसून सपाता द्यायला लागली. गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, पण नदी गोठली, पोरं खेळायला लागली, तरी खिडकीबाहेर बघेना. बाव रोज तिच्या ताटात सगळ्यात मोठी करंजी वाढायचा.

वसंतात नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात लुआन बाई आल्या. त्यांच्या मागून एक मुलगा आत यायला गेला आणि चौकटीवर त्याचं डोकं खाड्कन आपटलं.

"हा आओ थेंग," बाई म्हणाल्या. "दाउर जमातीतला, छीछीहार शहराकडचा. याची जोडीदारीण शिकायला परदेशी गेली. छिंगछिंग, तुला आइस डान्समध्ये घ्यायचंय. तिथं असल्या उड्या नाहीत. जोडीनं नाचायचं असतं, आणि लांब हातपाय शोभून दिसतात."

छिंगछिंगनं सपातांचा जोड ठेवला. "मी कुणाचा हात धरून स्केटिंग करणार नाही."

कपाळ चोळत थेंग म्हणाला, "मलाही हौस नाही. पण मी एकटाच नाचलो तर लोक म्हणतील, याचं काही हरवलंय का?"

ती हसली नाही. पण मी पाहिलं, तिनं ओठ चावले. आणि पुढच्या गाडीनं ती हार्बिनला गेली.

पुढचे काही महिने भांडणाचेच. इतकी वर्षं एकटीनं केलेलं काम, तिला दुसऱ्याची सवयच नव्हती. ती पुढे निघून जायची आणि तो मागे राहायचा. तो हात पुढे करायचा, तर तिचा हात तिथं नसायचाच. लुआन बाईंचा फोन आला की दोघं मागून ओरडत असायचे.

"आत्या, हा तोंडानं ताल मोजतो! मोठ्यानं!"

"आत्या, ही श्वाससुद्धा मला न सांगता घेते!"

शरद ऋतूत सुट्टीला ती घरी आली. दोन दिवसांनी थेंग तिचे विसरलेले बूट घेऊन आला. तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि आम्ही बायका चौकात यांगगो नाचत होतो. आमचा तो रोजचा नाच: ढोल, सनई, हातात लाल रुमाल, कंबर सैल सोडायची, पुढे जाता जाता मध्येच एक पाऊल मागे घ्यायचं. छिंगछिंगला मी ओढून रांगेत उभं केलं होतं. थेंगला बघितल्यावर बायकांनी त्यालाही सोडलं नाही. त्याच्या हातात कुणीतरी रुमाल दिला, कुणी डोक्यावर फूल खोचलं. एवढा उंच पोरगा, फूल खोचलेला, लाजून लाल झाला.

"थेंग, कंबर!" मी ओरडले. "कंबर हलव! खांब आहेस का?"

"आत्या, मला कंबरच नाहीये!"

"सगळ्यांना असते. शोध!"

शाओ आजोबांनी ढोलावर ताल जोरात धरला. रांग वळली, लोक एकमेकांवर आदळले, आणि हे दोघं समोरासमोर आले. तो पुढे, ती मागे. ती पुढे, तो मागे. कुणी ठरवलं नव्हतं. छिंगछिंग हसत होती आणि हसताना तिचं लक्ष स्वतःच्या पायांवर नव्हतं, त्याच्या तोंडाकडे होतं. तोही मोजत नव्हता. सनई थांबली तरी ते दोघं आणखी थोडं नाचले, मग दचकून हात सोडले.

लुआन बाईंना छिंगछिंगनं त्याच रात्री फोन करून नाच कसा जमला ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग वाट कसली बघताय? त्याच सनईवर कार्यक्रम बसवू."

तर तसा बसवला. पहिली स्पर्धा आली. मी जाकीट घेऊन हजर. सुरुवात झकास झाली. मग थेंगच्या बुटाचं पातं तिच्या झग्याच्या काठात अडकलं. टर्रर्र आवाज झाला आणि दोघंही बर्फावर. मला वाटलं, आता झालं, आता पुन्हा संडास. पण ती बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पायाला झग्याचा लाल तुकडा लोंबत होता. आणि ती हसायला लागली. तोही. दोघं हसत उठले आणि हसतच उरलेला नाच पूर्ण केला. ते शेवटचे आले. अगदी शेवटचे. गुणांची वाट बघत बाकावर बसले तेव्हा पंचसुद्धा हसत होते.

गाडीत मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "पण आत्या, यापूर्वी मी पडायचे तेव्हा कुणी बरोबर नसायचं."

पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा छांगछुनला होती. आणि ऐन त्या आठवड्यात आमच्या हमामखान्याचा बॉयलर बिघडला. मालकानं डोक्याला हात लावला, पण बाव मात्र एकदम उभा राहिला. "ताई, मला सुट्टी मिळाली!" तोवर त्यानं मुलीला स्पर्धेत एकदाही पाहिलं नव्हतं. मग भावजय निघाली, शाओ आजोबा ढोल घेऊन निघाले, आणि ज्यांना आता आंघोळीला जागा नव्हती ते सगळे निघाले. अख्खी बस भरली. रस्ताभर उकडलेली अंडी आणि गाणी.

स्टेडियमात ढोल आत नेऊ देईनात. शाओ आजोबा म्हणाले, "ठीक आहे, मग गुडघ्यावर वाजवतो."

छिंगछिंग आणि थेंग बर्फावर आले. लाल रुमालाच्या रंगाचा तिचा झगा, काठ या वेळी आखूड. सनई सुरू झाली. आणि माझ्या शेजारी बावनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"बाव! अरे, बघ ना!"

"ताई, तू बघ. मला सांग. पडली का?"

"नाही."

"आता?"

"नाही रे. गिरक्या घेतायत दोघं. एकदम बरोबर, जसा एकच माणूस."

"आता?"

"आता त्यानं तिला उचललंय."

"अरे देवा! उंच?"

"उंच. तिनं हात पसरलेत. हसतेय."

"हसतेय?" त्यानं बोटांत फट केली. मग हात हळूहळू खाली आले. उरलेला नाच माझ्या भावानं डोळे उघडे ठेवून पाहिला, तोंडही उघडंच. शेवटी थेंग एका गुडघ्यावर आला, ती त्याच्यावर कमानीसारखी झुकून थांबली, आणि आमच्या सगळ्या हमामखान्यानं अशी आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातला चहा सांडला.

तिसरा क्रमांक आला. फलकावर नाव झळकलं तेव्हा लुआन बाई दुखऱ्या गुडघ्यानिशी उड्या मारत होत्या. भावजय रडत सगळ्यांना अंडी वाटत होती. छिंगछिंग स्केट्स न काढताच कठड्यापाशी आली, पदक गळ्यात.

"बाबा, कसं झालं?"

"छान! फार छान!"

"सगळ्यात काय आवडलं?"

मी म्हटलं, "त्याला विचारू नकोस. अर्धा वेळ डोळे मिटून बसला होता तुझा बाप."

"आणि उरलेला अर्धा?" थेंगनं विचारलं.

"उरलेल्या अर्ध्यात," बाव म्हणाला, "मला वाटलं, ही एवढी उंच कशी झाली? आणि बरं झालं झाली."

छिंगछिंग कठड्यावरून वाकली आणि तिनं बापाच्या टकलावर कपाळ टेकवलं. ते दोघं तसे बराच वेळ उभे होते, आणि मागून शाओ आजोबा गुडघ्याचाच ढोल वाजवत होते.

आता ते दोघं परदेशातही जातात. मागच्या हिवाळ्यात ओसाकाला मधल्या फळीत कुठंतरी आले, खूश होऊन परतले. आमच्या गावातल्या लहान मुली आता आइस डान्स शिकायला मागतात. परवा एक आली, आपल्या भावाला कानाला धरून. "आत्या," मला म्हणाली, "हा माझा जोडीदार. याला यायचं नाहीये, पण मी आणलाय."