दोघांचं ‘चालेल’

ताई लिफ्टच्या कंपनीत होती. लिफ्टने कोणत्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, दोन मजल्यांवर एकाच वेळी बटण दाबलं तर आधी कुणाकडे जायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम ज्या खोलीत लिहिला जायचा तिथे खिडकीपाशी तिचं टेबल होतं. काम चोख. ताईंच्या हातून गेलेली लिफ्ट अडकत नाही, असं तिथले लोक म्हणायचे. ती स्वतः मात्र रोज जिना चढून यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “आत काय चालतं ते मला माहीत आहे ना, म्हणून.” लोक हसायचे. पूर्वी तीही हसायची.

तिचं नाव मात्र गाजलं होतं ते चाळणीमुळे. चाळणी म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्यालाही लग्नानंतर बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं, तेव्हा इतरांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं चुका करतात. मोठी चूक प्रोग्रॅमच बंद पाडते, ती लपत नाही. बारीकसारीक चुका मात्र तांदळातल्या खड्यांसारख्या दडून बसतात आणि नको तेव्हा दाताखाली येतात. चाळणी हा असे खडे निवडणारा प्रोग्रॅम. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा आणि सांगायचं, बाबा रे, अमुक ओळीत तमुक चूक आहे. अशा प्रोग्रॅमला लिंटर म्हणतात. ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून तो बनवला आणि जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही वापरावा, कुणीही उघडून बघावा, कुणीही सुधारणा पाठवावी. वापरणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे शिव्या देत वापरायचे, कारण आपली चूक दाखवणारा आवडतो कुणाला?

सुरुवात आईच्या जेवणाच्या टेबलावर झाली होती. तेव्हा दोघं रोज संध्याकाळी तिथे बसून भांडायची. ताईला वाटायचं, अमुक गोष्टीला चूक म्हणायलाच हवं. धाकट्याला वाटायचं, एवढा कीस काढायची गरज नाही. शब्दाला शब्द वाढायचा. कोडमधलं आईला ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडण कळायचं. ताटं हातात घेऊन ती एकदा उभीच राहिली. म्हणाली, “तिला दिसतं ते तुला दिसत नाही, तुला दिसतं ते तिला दिसत नाही. मग दोघांनीही बघा. दोघंही चालेल म्हणाल तेव्हाच ते आत घ्या. तोवर ताट मिळणार नाही.”

तीच चाळणीची रीत झाली. कुणीही, कुठूनही, कितीही शहाणी सुधारणा पाठवो, तिच्याखाली ताईचं एक ‘चालेल’ आणि धाकट्याचं एक ‘चालेल’ पडल्याशिवाय ती आत जायची नाही. आधी दोघंही खाली बरंच काही लिहायची. “अगं ताई, झोपेत लिहिलंस का हे?” “गाढवा, तूच मागच्या आठवड्यात मागितलं होतंस.” लांबलांबचे लोक ते वाचायला म्हणून यायचे. तो तिला ताई म्हणायचा म्हणून सगळेच ताई म्हणायला लागले, आणि तिने त्याचा उल्लेख धाकटा असा केल्यामुळे त्या बिचाऱ्याला कायमचं तेच नाव चिकटलं.

मग आई गेली.

आई धाकट्याकडे राहत होती. एका संध्याकाळी तिला धाप लागली. धाकट्याने वाफ दिली, उशी उंच केली, बरं वाटतंय का विचारलं. आई म्हणाली, बरंय. त्याने सकाळपर्यंत वाट पाहायची ठरवली. सकाळी हॉस्पिटलात नेलं आणि तिथून ती परत आली नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळी आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. ताईने ते ऐकलं आणि बाजूला सारलं. बाहेरच्या लांब बाकावर मामा, मावशी, धाकट्याची बायको, सगळे बसलेले असताना ती धाकट्यासमोर उभी राहिली आणि तिने त्याच्या चुका वाचून दाखवल्या. आवाज चढवला नाही की रडली नाही. चाळणी जशी सांगते तसं, एकाखाली एक. इथे तू डॉक्टरांना फोन केला नाहीस. इथे तू तिचं ‘बरंय’ खरं मानलंस. इथे तू मला कळवलं नाहीस. दुसऱ्या कुठल्या घरातली बहीण असती तर किंचाळली असती, छाती बडवून घेतली असती, आणि महिन्याभरात सगळं निवळलं असतं. किंचाळलेलं माणसं विसरतात. नीट मांडून सांगितलेलं विसरता येत नाही.

धाकटा सगळं ऐकून घेऊन निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तीही बोलली नाही. आधी तिला वाटलं त्याने यावं, मग वाटलं आपण जावं, आणि पुढे तर काही वाटेनासंच झालं. आईसाठीही तिला रडू आलं नाही. येईल म्हणून तिने वाट पाहिली. घरी भात लावायची, ऑफिसात लिफ्टची दारं उघडमीट करायची, नवऱ्याने विनोद केला की योग्य ठिकाणी मान हलवायची. नवरा भला माणूस. त्याने काही दिवस समजूत घातली, मग तिच्याशेजारी नुसता बसायला लागला.

चाळणी मात्र चालू होती. सुधारणा यायच्या, ताई बघायची, धाकटा बघायचा. आता खाली ‘गाढवा’ नव्हतं की ‘अगं ताई’ नव्हतं. “अकरावी ओळ तपासावी.” “तपासली.” “चालेल.” सरकारी कचेरीतही माणसं याहून प्रेमाने लिहितात. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन ताई लॅपटॉप उघडायची तेव्हा सगळ्यात आधी ते ‘चालेल’ शोधायची. ते दिसलं की धाकटा उठला आहे, कामावर गेला आहे, जिवंत आहे, एवढं कळायचं. त्याच्याबद्दल तिच्याकडे उरलेलं हे एवढंच होतं.

आणि चाळणीचं घोडं तिथेच अडायला लागलं होतं.

दोघंही नोकरदार. सुधारणांचा ढीग साचला. लोक वाट बघून कंटाळले, कुणी दुसरीकडे गेले. कुण्या कंपनीने चाळणीच्या दसपट वेगाने खडे निवडणारा लिंटर काढला. चाळणीला हातभार लावणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर होते, वय झाल्यावर दवाखाना अर्धवेळ करून प्रोग्रॅमिंग शिकलेले, उत्साही, भरपूर बोलणारे. शेवटी त्यांनीच विषय काढला. एका शनिवारी सकाळी सगळे स्क्रीनवर जमले. धाकटा त्या बैठकीला आला नाही. ताई असेल तिथे तो येत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कारण विचारत नसे.

“ताई, रागावू नका,” डॉक्टर म्हणाले, “पण चाळणीचं पुढे काय करायचं ते आता ठरवायला हवं. दाढ किडली की पेशंट म्हणतो, अजून दुखत नाही ना, मग राहू द्या. आणि मग एक दिवस मुळासकट काढावी लागते.”

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी वाद घालायची तयारी केली होती. त्यांचा जरा हिरमोडच झाला.

आराखडा ताईने लिहायचा ठरलं. तिने तो दोन-तीन सकाळी बसून लिहिला, आणि चांगला लिहिला. चाळणीचं मूळ इंजिन, म्हणजे खडे शोधणारा गाभा, जास्त वेगवान प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने बांधायचं. चूक कशाला म्हणायचं याचे सगळे नियम एकाच गाठोड्यात न ठेवता वेगवेगळे करायचे, म्हणजे ज्याला जे हवे ते त्याने घ्यावेत. जुने, कटकटीचे नियम निवृत्त करायचे. आणि शेवटचं कलम: यापुढे पाच जणांची समिती असेल, कुणाही दोघांची मान्यता पुरेल. म्हणजे ताई आणि धाकटा या दोघांचीच हवी असं नाही. ते कलम लिहिताना तिला काय वाटलं? काही नाही. उद्यापासून सकाळी चहासोबत बघायला काही नसेल, हे तिला नीट कळत होतं. दुखायला हवं होतं, ते दुखत नव्हतं.

अडचण एकच होती. हा आराखडाही जुन्या रीतीनेच आत जायचा होता. त्याच्याखाली तिचं ‘चालेल’ पडलं. आता धाकट्याचं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. “दुसऱ्या कलमात जुन्या इंजिनाचा क्रमांक दिला आहे. दुरुस्त करावा.” खरं होतं. तिने दुरुस्त केला. पुढच्या सकाळी: “कामांचा क्रम उलटा आहे. आधी नियम वेगळे करावेत, मग इंजिन.” तेही खरं. मग एक तक्ता चुकला होता, मग एका कामाला कुणाची जबाबदारीच लिहिली नव्हती. रोज एक. सगळ्या चुका एकदम न सांगता तो रोज एकच सांगत होता. मुळात सगळं एका बैठकीत तपासून टाकायची त्याची सवय. कपाटाच्या सगळ्या खणांची एकदम आवराआवर करणारा माणूस तो.

ताईच्या ते लक्षात आलं. मग तिने एक केलं, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. त्याने सांगितलेली चूक दुरुस्त करताना तिने आपल्या हाताने दुसरी घातली. मुद्दाम. एका कामाची वेळ आधीच्या कामाच्याही आधीची लिहिली. सकाळी धाकट्याने ती बरोबर पकडली. तिने सुधारली आणि आणखी एक घातली. जिच्या हातून गेलेली लिफ्ट अडकत नाही, ती बाई रोज सकाळी चहा पिता पिता स्वतःच्या लिखाणात खडे पेरत बसली होती.

डॉक्टरांचा फोन आला. “ताई, हे काय चाललंय? लोक माझ्याकडे विचारणा करतायत. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणारा तो मोठा गट आहे ना, तो सोडून जायच्या बेतात आहे. ते गेले तर कुणासाठी आराखडा करायचा आपण?”

“होईल आता,” ताई म्हणाली.

“बरं नाही का तुम्हाला?”

“बरंय,” ताई म्हणाली, आणि आपल्या तोंडून आलं ते आईचंच ‘बरंय’ आहे हे तिच्या लक्षात आलं.

डॉक्टर काही कच्चे नव्हते. त्यांनी आयुष्यभर तोंड मिटून घेणाऱ्या माणसांची तोंडं उघडली होती. “मी भूल देतो ना,” ते म्हणाले, “तेव्हा लोक मजेत असतात. घरी जातात आणि भूल उतरली की फोन करतात, डॉक्टर, दुखतंय हो, काहीतरी बिघडलं. मी सांगतो, बिघडलं नाही, आता कुठे ठिकाणावर येतंय. काळजी घ्या, ताई.”

फोन ठेवून तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. नवरा म्हणाला, “झाले का तुमचे खडे निवडून?”

“शेवटचा राहिलाय,” ती म्हणाली.

तिने ठरवलं, ही शेवटची चूक. त्याने ती सांगितली की दुरुस्त करायची आणि विषय संपवायचा. चाळणी आपल्यापायी बुडवायची नाही. निवृत्त करायच्या नियमांमध्ये तिने एकच नियम दोनदा घातला. वरच्या ओळीत आणि लगेच खालच्या ओळीत. आंधळ्यालाही दिसावं असं.

सकाळी कप घेऊन ती बसली. धाकट्याचं उत्तर आलेलं होतं.

“तिसऱ्या कलमात एकच नियम दोनदा आलाय. दिसलं मला. राहू दे, ताई. चालेल.”

तिने ते पुन्हा वाचलं. राहू दे. चाळणीच्या जन्मापासून धाकट्याने चूक दिसल्यावर राहू दे असं कधी लिहिलं नव्हतं. त्याला लिहिता येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. तशी रीतच नव्हती. चूक दिसली की सांगायची आणि सुधारून घ्यायची. हॉस्पिटलातल्या त्या बाकासमोर उभी असताना तिला एवढंच सुचायला हवं होतं. दिसलं मला, पण राहू दे. डोळे सुजलेला तो पोरगा तिच्यासमोर होता, आणि तिने त्याला ओळीमागून ओळ वाचून दाखवली होती.

तिने बटण दाबलं. आराखडा आत गेला, दोनदा आलेल्या नियमासकट. तो आजही तसाच आहे. डॉक्टरांनी लगेच टाळ्यांची चित्रं पाठवली.

ताईने कप खाली ठेवला. छातीत कुठेतरी खोल कळ आली आणि वर सरकायला लागली. दुखत होतं. फार दुखत होतं. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला, “काय झालं? काय झालं?” म्हणत. तिने हातानेच त्याला थांबवलं आणि फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. पलीकडे लगेच उचलला गेला, फोन हातातच धरून बसल्यासारखा.

“अरे,” ताई म्हणाली, आणि पुढचं येईना. ती रडत होती, आईसाठी, त्याच्यासाठी, सगळ्यासाठी एकदम. “अरे, ते हॉस्पिटलातलं... ते मी बोलले ना तुला...”

धाकटा म्हणाला, “ऐकतोय मी. बोल, ताई.”