आधी नोकरीचं बोला, मग देशाचं

या देशात अशी एकही गोष्ट नाही जिच्यावर माझं मत नाही. अर्थसंकल्प, सीमेवरचा तणाव, उसाचा दर, महिला आरक्षण, काहीही काढा. सकाळी पिंपळीच्या चौकात चहाच्या टपरीवर मी बाकावर टेकलो, की टपरीवाला गॅस बारीक करतो (बाकीचं गिऱ्हाईक आता उठणार, हे त्याला अनुभवानं ठाऊक!). घरात मात्र माझं मत एकाच बाबतीत विचारतात, आमटीत मीठ बरोबर आहे का. त्यावरही मी "जरा कमी वाटतंय" म्हणालो, तर आमची मंगल म्हणते, "बरोबर हाय. खावा."

त्यातही महिलांचे हक्क हा माझा खास विषय. "बाई सरपंच झाली आन् खुर्चीत नवरा जाऊन बसतोय! लाज वाटाय पायजे!" असं म्हणून मी टपरीच्या बाकावर हात आपटतो. पेपरवाला पोरगासुद्धा मान डोलावतो. मंगल त्या वेळी गोठ्यात धारा काढत असते, त्यामुळं माझे हे विचार तिच्यापर्यंत कधी पोहोचले नाहीत.

आमची लेक अश्विनी शेतीची पदवी घेऊन बारामतीत एका प्रयोगशाळेत लागली. शेतकरी पिशवीतून माती घेऊन येतात, ही ती तपासून देते आणि वर त्यांना झापते, "काका, युरिया टाकता का लग्नातल्या अक्षता?" एवढ्या मोठ्या मोठ्या मिशावाल्यांना झापून पोरगी संध्याकाळी घरी येते ती कशी फुललेली असते! नोकरी म्हणजे तिचा जीव. हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही मला विचारणार, "आप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तिला इंदापूर तालुक्यातलं शेळगावचं स्थळ आलं. मुलगा सागर, डाळिंबाची बाग, स्वभावानं गरीब. बघायचा कार्यक्रम झाला, दोघं एकमेकांना पसंत पडली. मग पुढचं ठरवायला शेळगावला बैठक बसली. बैठकीला आपल्याकडं बायका नेत नाहीत. (का नेत नाहीत, यावर माझं अजून मत झालेलं नाही.) निघताना मंगलनं गाडीच्या खिडकीत डोकं घालून बजावलं, "हे बघा, आधी नोकरीचं बोला, मग देशाचं. पोरगी नोकरी सोडणार न्हाय, हे पष्ट सांगून या."

"अगं, त्याच्यासाठीच तर चाललोय!"

शेळगावला चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी, तात्यांनी, सहज संसदेतल्या महिला आरक्षणाचा विषय काढला. आता हे म्हणजे मला आमंत्रणच! मी मांडी बदलली आणि सुरू झालो. ऐन रंगात असताना, मी महिलांना संसदेच्या पायऱ्या चढवत होतो तेवढ्यात, तात्या मध्येच म्हणाले, "आप्पा, आमच्यात सुना नोकरी करत न्हायत. पोरगी सोडंल नव्हं?"

मला मुद्दा पुरा करायचा होता हो! मी हात झटकून म्हणालो, "सोडंल की, त्यात काय! तर मी काय म्हणत व्हतो तात्या, की बाईला निर्णय घेऊ दिला पायजे..."

बैठक झकास झाली. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "ठरलं का सगळं?"

"झकास ठरलं!" मी म्हणालो. आणि देवाशपथ सांगतो, ते नोकरीचं माझ्या डोक्यातनं साफ निघून गेलं होतं.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. इंदापूर रस्त्यावरचं मंगल कार्यालय भरलं. तालुक्यातले एक सभापती मी खटपट करून बोलावले होते. दारात त्यांचा फ्लेक्स लावला होता, त्यात सभापती पुरुषभर, मी कमरेपर्यंत, आणि अश्विनी आणि सागर खालच्या कोपऱ्यात दोन टिकल्यांएवढे. आता सभापती आल्याशिवाय अंगठ्या कशा घालणार? आमच्या भागात नवरी नसली तर एकवेळ कार्यक्रम सुरू होईल, पुढारी नसला तर नाही! माझा मेव्हणा दिलीप फोन कानाला लावून दर थोड्या वेळानं ओरडत होता, "निघालेत! कन्हेरीपतुर आलेत!"

सभापती कन्हेरीपर्यंत आले ते आलेच. पुढं काही सरकेनात. माणसं जांभया द्यायला लागली. दिलीप माझ्या कानाशी लागला, "दाजी, तेवढ्यात माइक तुमी सांभाळा. दोन शब्द बोला."

दोन शब्द! मला!

मी माइक हातात घेतला. आधी देशाच्या परराष्ट्र धोरणाचा समाचार घेतला. आचारी दोनदा येऊन बघून गेला. मग वळलो माझ्या खास विषयाकडं. "मंडळी, आज बाई चंद्रावर यान सोडती, आन् आपन तिला विचारतो का, बाई गं, तुझं मत काय? मी तर म्हनतो, लेकीला इचारल्याशिवाय बापानं एक पाऊल टाकू नये!" पुरुषांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. मलाच गहिवरून आलं.

इकडं हे चाललं होतं तेव्हा (हे मला मागाहून कळलं) आतल्या खोलीत मुलाची आत्या अश्विनीच्या निऱ्या नीट करत होती. तिनं प्रेमानं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुटलीस बघ त्या मातीच्या पिशव्यातनं! आता महिनाअखेर राजीनामा दिऊन टाक. तुझ्या बानं शब्दच दिलाय नव्हं?"

मला स्टेजवरून काय दिसलं? माझी लेक नवी कोरी साडी सावरत, डोळे मोठे करून, तरातरा माझ्याकडं येतेय. मला वाटलं, भाषण ऐकून पोरीचं मन भरून आलं! मी माइकवरच म्हणालो, "ये बाळा, ये! हे व्यासपीठ तुझंच हाय! बोल, मनातलं बोल!" आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. (स्वतःच्या हातानं!)

"आप्पा, मी नोकरी सोडणार, हे कुणी ठरवलं?"

स्पीकर कुईंऽऽ करून ओरडला. आणि तेव्हा, बरं का, त्या क्षणी मला शेळगावची बैठक आठवली. पोहे, मांडी, संसदेच्या पायऱ्या आणि माझं ते "सोडंल की, त्यात काय"! मी दिलीपकडं बघितलं. सभापती आत्ता, या घटकेला, आले तर किती बरं होईल! दिलीपनं लांबूनच ओठ हलवले, "कन्हेरी!"

पहिल्या रांगेतून तात्या उठले. "आसं कसं? आप्पा, बैठकीत तुमीच म्हनला व्हता की, सोडंल म्हनून!"

दुसऱ्या बाजूनं मंगल उठली. तिच्या हातात ओटीचं ताट होतं, ते तिनं शेजारणीकडं दिलं. तिनं हात मोकळे केलेले बघून माझा अर्धा जीव तिथंच गेला.

"कवा म्हनला तुमी?"

"अगं... ते... बोलण्याच्या ओघात..."

"आन् मला काय सांगितलं? झकास ठरलं!"

"झकासच ठरलं व्हतं गं... तवा..."

अश्विनीनं माइक माझ्या हातातनं काढून घेतला. डोळ्यांतलं पाणी तिनं खाली पडू दिलं नाही. "आप्पा, आत्ता म्हणालात ना, लेकीला विचारल्याशिवाय बापानं एक पाऊल टाकू नये? मग विचारा."

"इथं?"

"इथंच. माइकवर."

एवढी भाषणं केली, पण एवढं छोटं वाक्य मी माइकवर कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "बाळा... तू नोकरी सोडणार का?"

"नाही."

बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवातल्या चिमण्या उडाल्या. माझ्या परराष्ट्र धोरणाला त्यातली एक टाळी मिळाली नव्हती! पण तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि गंभीरपणे म्हणाले, "मग पावनं, आमाला निघावं लागंल." त्यांच्यामागं त्यांची सगळी भावकी उठली. मी हबकून खांबाला धरलं. माझ्या एका बडबडीपायी लेकीचा साखरपुडा मोडत होता, आणि लेक मान ताठ ठेवून उभी होती, पण तिची बोटं पदराला पीळ घालत होती. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

अश्विनी सागरकडं वळली. "तुम्हाला तरी विचारलं होतं का कुणी?"

सागर मघापासून लाल होऊन बसला होता. उठला आणि माइकपाशी येऊन बारीक आवाजात म्हणाला, "न्हाय. मला सांगितलं की तुमालाच नोकरी नकोय. मला तर लय वाईट वाटलं. म्हंजे... मी तुमाला पहिल्यांदा बघितलं ते तितंच. डाळिंबाची माती घिऊन आलतो, तोंडाला फडकं बांधून. तुमी मला झापलं व्हतं."

"कोण? तुम्ही?" अश्विनी बघतच राहिली.

"व्हय. मग मी परत आलो. परत पन आलो. माती घिऊन."

तात्या दारापर्यंत गेलेले गर्रकन मागं फिरले. "आरं! तरीच म्हनलं, हे बेनं सारखं बागंतली माती का उकरतंय! मला म्हनला, बुरशी आलीय!"

"आन् ते बघायचा कार्यक्रम? पावनं? मध्यस्थ?" आत्या किंचाळली.

"ते मीच मध्यस्थाला सांगून आनवलं," सागर जमिनीकडं बघत म्हणाला.

सगळे हसत सुटले. तात्यांना मात्र हसू येईना. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या मालकीणबाई, सागरची आई, सावकाश उठल्या. या बाई बघायच्या कार्यक्रमापासून एक अक्षर बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, माइक घेतला आणि म्हणाल्या, "पोरगी नोकरी करंल. माझं मत हाय."

तात्या थक्क! "तुझं मत?"

"व्हय."

"तुला बी मत हाय? मग आजपतुर सांगितलं का न्हाईस?"

"कुनी इचारलं व्हतं?"

या प्रश्नावर कार्यालयातले झाडून सगळे नवरे खाली बघायला लागले. (मी तर आधीपासूनच बघत होतो.) तात्या परत येऊन खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चला. घरातच बहुमत गेलं म्हनायचं. मग पोरगी कामाला गेल्यावर भाकरी कोन करनार?"

"दोन हात रिकामे हायेत की घरात," बाई म्हणाल्या.

"कुनाचे?"

बाईंनी नुसतं बघितलं. तात्यांनी हात हळूच खिशात घातले.

मंगल म्हणाली, "आता कुनाची वाट बघायची न्हाय. घाला अंगठ्या." मी म्हणालो, "अगं, पण सभापती..." ती म्हणाली, "ते हायेत कन्हेरीत. राहू द्या तितंच." अंगठ्या घातल्या. अश्विनी हसली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगतो, मला हमसून रडू आलं. मंगलनं मला रडूसुद्धा दिलं नाही. "रडून झालं आसंल तर जिलबीचं ताट घ्या. आज पहिली पंगत बायकांची. वाढायला तुमी पुरुष मंडळी."

आणि नेमके तेव्हा सभापती आले! बघतात तर बायका पाटावर बसून निवांत जेवताहेत, मी कमरेला टॉवेल गुंडाळून जिलबी वाढतोय आणि तात्या मठ्ठ्याची बादली घेऊन "मठ्ठा, मठ्ठा" करत फिरताहेत. कुणीतरी त्यांच्या कानात काहीबाही सांगितलं. त्यांनी लगेच माइक मागवला. "बाप असावा तर असा! भर मांडवात लेकीला विचारणारा बाप! ही नवी वाट आप्पांनी दाखवली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ताट हातात घेऊन नमस्कार केला. आता तिथं काय सांगणार, की साहेब, ही वाट मला कॉलरला धरून दाखवली म्हणून?

पुढं आठवडाभर माझा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. शेजारच्या गावातल्या मंडळाचा फोन आला, "आप्पा, महिला दिनाला तुमीच प्रमुख वक्ते! विषय, स्त्रीचं मत." मी पुरतं ऐकूनसुद्धा न घेता हो म्हणालो. फोन ठेवला तर समोर मंगल आणि अश्विनी, दोघी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

अश्विनी म्हणाली, "स्त्रीचं मत. आणि सांगणार तुम्ही?"

महिला दिनाला मंगलनं ठेवणीतली साडी नेसली आणि गाडीत बसली. मी गाडी चालवली. वक्ता बदललाय असं मी हळूच सांगितल्यावर मांडवाच्या दारात मंडळाच्या अध्यक्षानं माझ्यासाठी आणलेला हार मंगलच्या गळ्यात घातला, आणि मी झाडाखाली गाडी लावून तिची पर्स मांडीवर घेऊन बसलो. स्पीकरचा आवाज तिथवर स्वच्छ येत होता. "आमचे मालक टपरीवर बाकावर हात आपटून बोलतात, हे मला टपरीवाल्याच्या बायकोनं कधीच सांगितलंय," असं तिनं सुरू केलं आणि बायका जे हसायला लागल्या ते शेवटपर्यंत. शेळगावची बैठक आली, पोहे आले, माझं रडणं आलं, जिलबीसुद्धा आली. काही म्हणजे काही राहिलं नाही.

माझं मत असं, की भाषण जरा लांबलं. पण हे मी आज पहिल्यांदाच, फक्त तुम्हाला सांगतोय. घरी बोलू नका.